बोट

क्लाक्सविकच्या धक्क्यावर पहाटे चारला
बर्फाचं यंत्र घरघरायला लागतं, तेव्हा
आमच्या नकाशावर एक लाल डाग उमटायचा.
रोज. पडद्याच्या डाव्या, खालच्या कोपऱ्यात,
जिथे मी 'रद्द करा' ठेवलं होतं.

मांडणी माझीच. दोन बटणं, मध्ये ऐसपैस जागा,
रंग समुद्राचा, म्हणजे निळा नव्हे,
इथला समुद्र असतो तसा, शिशासारखा.
बक्षिसासाठी पाठवू म्हणत होतो आम्ही ते.

महिन्यातून बाहत्तर वेळा कुणीतरी
रात्रभराचं कॉड, हॅडक किलोकिलोने भरून
शेवटी सगळं पुसून टाकत होतं
आणि पुन्हा पहिल्यापासून भरत होतं.
"लोक वाचत नाहीत," हानुस म्हणाला, "अक्षर ठळक करू."
ठळक केलं.
ऐंशी झाले.

मग एका मंगळवारी गजर लावून उठले,
लोकरी टोपी कानांवर ओढून धक्क्यावर गेले
आणि थर्मासभर कॉफी संपेपर्यंत
नुसते हात बघितले.
रेगिनच्या उजव्या हातात दोर होता.
डाव्या हाताचा मोजा त्याने दातांनी ओढला,
फोन त्याच हातात धरला
आणि अंगठा जेवढा वळतो तेवढा वळवला.
अंगठ्याला स्वतःची एक कमान असते.
तिच्या वाटेत पहिलं येत होतं ते माझं 'रद्द करा'.
एवढंच होतं.
चूक डोळ्यांत नव्हतीच,
आणि आम्ही अक्षरं जाड करत बसलो होतो.

परत येऊन बटणांची अदलाबदल केली.
डाव्या हाताचा मळ.
अर्ध्या बोटींना नवी मांडणी, अर्ध्यांना जुनी,
तीन आठवडे.
नव्यांच्या चुका आल्या बोटांवर मोजण्याइतक्या.
तोर्शाव्हनच्या ऑफिसने केक पाठवला,
त्यावर साखरेची दोन बटणं.
'रद्द' हानुसने खाल्लं.

बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, म्हणून मोजल्या.
नऊ.
नऊच्या नऊ एकाच फोनच्या,
ओळीने नऊ रात्री.
दहाव्या रात्रीपासून शून्य,
आलेखात फार सुंदर दिसतं ते शून्य.
दहाव्या रात्री ती बोट निघालीच नव्हती.

आब्सालोन. वय चौऱ्याहत्तर, दर्यावर एकटाच,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
पडदा त्याने कधी वाचलाच नव्हता:
चारदा खाली, मग उजवीकडे, एकदा दाबायचं.
सहा वर्षांत अंगवळणी पडलेलं,
अंधारात स्वतःच्या घराचा जिना उतरावा तसं.
मी मधली एक पायरी काढून घेतली होती.

"कळवलं का नाहीत?" मी विचारलं.
तो जाळ्यातलं शेवाळ सोडवत होता, न बघता,
एकही धागा न तुटता.
"मला वाटलं, माझाच हात चुकायला लागला.
म्हटलं, आता बोट विकावी."

एका माणसासाठी अपवाद करू नये, असं
आमच्या नियमावलीत आहे. पान तीन.
पान तीन मी लिहिलंय.
त्या रात्री सहा ओळींचा अपवादही मीच लिहिला,
आणि शेजारी कारण लिहायचं असतं तिथे
बराच वेळ काहीच सुचलं नाही.

पुढच्या महिन्याचा नकाशा आला.
डावीकडे दाट, पसरट लाल.
आणि उजवीकडे, सगळ्यांपासून लांब,
एक ठिपका.
"हा गोंगाट," हानुस म्हणाला. "गाळून टाकू?"

"आब्सालोन," मी म्हटलं.